उच्च रक्तदाब: ॲड्रिनलची गाठ की मूत्रपिंडाची अरुंद धमनी? (रेनिनपासून सुरुवात करू)

देवराई

उच्च रक्तदाबाच्या बहुतेक रुग्णांत बोट ठेवता येईल असं एक कारण मिळत नाही. वय, आनुवंशिकता, वजन, मीठ या सगळ्यांचा तो मिळून परिणाम असतो. काही रुग्णांत मात्र कारण नेमकं असतं, त्याची जागा दाखवता येते, आणि कधी ते कायमचं दूरही करता येतं. अशा दोन जागांबद्दल इथे बोलू या: मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथी आणि मूत्रपिंडांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या. थायरॉइड आणि झोपेत श्वास अडकणं हे विषय वेगळ्या धाग्यात घेऊ.

शोध कधी घ्यायचा? तीन औषधं पूर्ण मात्रेत चालू आहेत, त्यात एक लघवी वाढवणारं आहे, तरी दाब १४०/९०च्या वर. तिशीच्या आत सुरू झालेला दाब. वर्षानुवर्षं आटोक्यात असलेला आणि पंचावन्नीनंतर एकाएकी बिघडलेला दाब. पोटॅशियम ३.५च्या खाली, मग ते लघवीच्या गोळीमुळे उतरलेलं का असेना. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटीत ॲड्रिनलवर दिसलेली गाठ. घरात कुणाला चाळिशीच्या आत अर्धांगवायू. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल ही दाबाची औषधं सुरू करताच चढलेलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक). हृदयाचं पंपिंग चांगलं असताना अचानक फुप्फुसात भरलेलं पाणी.

आता यंत्रणा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मूत्रपिंडाला रक्ताचा दाब कमी वाटला की ते रेनिन सोडतं. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि ॲड्रिनलला ॲल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. ॲल्डोस्टेरॉन सोडियम राखून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं.

धमनी अरुंद झाली की तिच्या पलीकडच्या मूत्रपिंडाला दाब कमीच मिळतो, शरीराचा दाब कितीही असो. ते रेनिन सोडत राहतं. म्हणजे रेनिन जास्त आणि ॲल्डोस्टेरॉनही जास्त. याउलट ॲड्रिनलची गाठ कुणाच्या हुकमाशिवाय ॲल्डोस्टेरॉन बनवते. मीठ-पाणी साठतं, मूत्रपिंडाला दाब भरपूर मिळतो आणि ते रेनिन बंद करतं. म्हणजे ॲल्डोस्टेरॉन जास्त पण रेनिन तळाला. पोटॅशियम दोन्हीकडे घसरू शकतं, म्हणून नुसत्या पोटॅशियमवरून निदान करू नये. दोघांतला फरक रेनिन सांगतं.

धमनीचा धागा १९३४ साली हॅरी गोल्डब्लाट यांनी पकडला. कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या धमनीला चिमटा लावून त्यांनी टिकून राहणारा उच्च रक्तदाब निर्माण केला. ॲल्डोस्टेरॉन १९५३ साली वेगळं काढता आलं आणि लगेच, १९५४-५५मध्ये, मिशिगनच्या जेरोम कॉन यांनी ते जास्त बनवणाऱ्या गाठीचा आजार मांडला. म्हणून आजही त्याला कॉन सिंड्रोम म्हणतात.

निशिगंधा

चांगला धागा. एक भर घालते. हा आजार दुर्मीळ आहे हा समज आता सोडायला हवा. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत अंदाजे ५ ते १० टक्के आणि औषधांना न जुमानणाऱ्या दाबात २० टक्क्यांच्या आसपास ॲल्डोस्टेरॉनचा अतिरेक सापडतो. त्यातल्या बहुतेकांचं पोटॅशियम नॉर्मल असतं. ‘पोटॅशियम ४ आहे म्हणजे कॉन नाही’ असं म्हणून थांबलं की यातले निम्म्याहून अधिक सुटतात. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२५च्या मार्गदर्शिकेने तर उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णात ॲल्डोस्टेरॉन आणि रेनिन तपासावं असं सुचवलं आहे.

प्रश्न असा: टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन (लघवीची गोळी) हे आपल्याकडचं नेहमीचं त्रिकूट. तपासणीआधी यातलं काय थांबवायचं? दाब १७०च्या पुढे असलेल्या माणसाच्या सगळ्या गोळ्या बंद करायला मन धजत नाही.

देवराई

निशिगंधाताई, सगळं बंद करायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. औषध कोणत्या दिशेला ढकलतं ते लक्षात ठेवलं की पुरतं.

टेल्मिसार्टनसारखी आणि रामिप्रिलसारखी औषधं रेनिन वाढवतात. लघवीच्या गोळ्याही वाढवतात, ॲम्लोडिपिन थोडं वाढवतं. यांच्यामुळे खरा आजार झाकला जाऊ शकतो. म्हणून ही औषधं चालू असतानाही रेनिन तळाला असेल तर तो निकाल उलट अधिक भरवशाचा, आणखी काही न थांबवता पुढे जावं. रेनिन वर आलं असेल तर मात्र निकाल निरुपयोगी, औषधं बदलून पुन्हा तपासावं.

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर उलटं करतात. रेनिन दाबतात आणि नसलेला आजार दाखवतात. क्लोनिडिन आणि दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही तसंच करतात.

स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड या पोटॅशियम राखणाऱ्या गोळ्या किमान ४ आठवडे आधी थांबवायच्या, क्लोरथॅलिडोनही तेवढेच दिवस. बाकीच्यांना २ आठवडे पुरतात. मधल्या काळात दीर्घ परिणामाचं व्हेरापामिल, प्राझोसिन किंवा हायड्रॅलाझिन वापरता येतं. त्यांचा रेनिनवर फारसा परिणाम नाही. व्हेरापामिलसोबत बीटा ब्लॉकर चालू ठेवू नये, नाडी धोकादायक मंदावते. ज्याला अलीकडे हृदयविकाराचा झटका आला आहे किंवा ज्याचा दाब फार वर आहे त्याच्या गोळ्या घरी बसून बंद करू नयेत. आहे त्या औषधांवरच नमुना घ्यावा आणि औषधांची यादी समोर ठेवून निकाल वाचावा.

ज्येष्ठमध विसरू नका. कफाच्या काढ्यांत, चूर्णांत, चघळायच्या गोळ्यांत तो असतो. त्यातला ग्लिसिरायझिन हा घटक मूत्रपिंडात कॉर्टिसॉलला (ॲड्रिनलचंच दुसरं हार्मोन) ॲल्डोस्टेरॉनसारखं काम करू देतो. दाब चढतो, पोटॅशियम उतरतं, पण तपासणीत रेनिन आणि ॲल्डोस्टेरॉन दोन्ही कमी येतात. तो ४ आठवडे बंद असायला हवा.

लॅबकोट

नमुना घेताना काय बिघडतं ते लिहितो, कारण अर्धे चुकीचे निकाल तिथेच जन्मतात.

वेळ सकाळची, साधारण ८ ते १०. रुग्ण अंथरुणातून उठून किमान २ तास झालेले असावेत, त्या काळात तो उठबस, चालणं करत असावा. मग ५ ते १५ मिनिटं खुर्चीत बसवून रक्त घ्यायचं. वॉर्डात पडून असलेल्या रुग्णाचं रक्त पहाटे ५ला काढलं तर निकाल वाचताच येत नाही. मीठ आधी कमी करायचं नाही, नेहमीचं जेवण हवं. मीठ तोडलं की रेनिन चढतं आणि आजार लपतो.

पोटॅशियम आधी ४च्या आसपास आणून ठेवायचं. कमी पोटॅशियम ॲल्डोस्टेरॉनला खाली ओढतं. नमुन्याच्या दिवशीचं पोटॅशियम त्याच वेळी मोजा. पट्टा बांधून मूठ उघड-बंद करायला लावू नका, पोटॅशियम खोटं वाढतं. पट्टा सोडून काही सेकंद थांबून मग रक्त ओढा.

सर्वांत जास्त होणारी चूक: रेनिनची नळी बर्फात ठेवणं. अनेक हार्मोनच्या नमुन्यांना बर्फ लागतो म्हणून हातातल्या सवयीने ठेवला जातो. थंडीत रक्तातलं निष्क्रिय प्रोरेनिन सक्रिय रेनिनमध्ये बदलतं, रेनिन खोटं वाढतं आणि कॉनचा रुग्ण निर्दोष सुटतो. ईडीटीएच्या नळीत घ्या, खोलीच्या तापमानाला ठेवा, लवकर प्लाझ्मा वेगळा करा आणि मग तो झटपट गोठवा.

पांढरीशाई

लॅबकोट, एककांबद्दलही लिहा. तीन प्रयोगशाळांचे तीन निकाल शेजारी ठेवले की माणूस चक्रावतो.

लॅबकोट

ॲल्डोस्टेरॉन: १ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे १० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे सुमारे २७.७ पिकोमोल प्रति लिटर. निकालावर १८० दिसलं आणि एकक पिकोग्रॅम असेल तर ते १८ आहे.

रेनिन दोन प्रकारे मोजतात. जुनी पद्धत प्लाझ्मा रेनिन ॲक्टिव्हिटी, एकक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रति तास. नवी पद्धत थेट रेनिन, एकक मिलियुनिट प्रति लिटर किंवा मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर, दोन्ही सारखेच. जुन्या पद्धतीतलं १ म्हणजे नव्या पद्धतीत साधारण ८.

गुणोत्तर (ॲल्डोस्टेरॉन भागिले रेनिन) काढताना ॲल्डोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये घ्या. रेनिन ॲक्टिव्हिटी असेल तर २० ते ३०च्या वर संशयास्पद, थेट रेनिन असेल तर सुमारे २.४ ते ३.७च्या वर. उदाहरण: ॲल्डोस्टेरॉन १८, ॲक्टिव्हिटी ०.३, गुणोत्तर ६०. त्याच ॲल्डोस्टेरॉनला थेट रेनिन ३ असेल तर ६. दोन्हींचा अर्थ एकच.

सापळा असा की रेनिन फार कमी असलं की कुठलंही गुणोत्तर फुगतं. ॲल्डोस्टेरॉन ४ आणि रेनिन ०.१ असेल तर गुणोत्तर ४० येईल, पण ॲल्डोस्टेरॉनच कमी आहे, त्याला अतिरेक म्हणता येत नाही. गुणोत्तरासोबत ॲल्डोस्टेरॉन स्वतः निदान १०च्या वर हवं. मास स्पेक्ट्रोमेट्री या अधिक नेमक्या पद्धतीने मोजलं तर आकडे कमी येतात, म्हणून प्रयोगशाळा कोणती पद्धत वापरते ते विचारा.

देवराई

पुढची पायरी: निकाल पक्का करणं. पोटॅशियम आपोआप कमी, रेनिन मोजता न येण्याइतकं खाली आणि ॲल्डोस्टेरॉन २०च्या वर असं तिन्ही असेल तर आणखी पुरावा लागत नाही. बाकीच्यांत सलाइन चाचणी करतात. ४ तासांत २ लिटर ०.९ टक्के सलाइन शिरेतून. निरोगी माणसात इतकं मीठ गेल्यावर ॲल्डोस्टेरॉन ५च्या खाली जातं. झोपून केलेल्या चाचणीत १०च्या वर राहिलं तर निदान पक्कं, मधलं क्षेत्र संदिग्ध. बसून केलेली चाचणी अधिक संवेदनशील, तिथे ६ची रेषा धरतात. हृदय कमजोर असलेल्या, मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या, दाब अनियंत्रित किंवा पोटॅशियम फार कमी असलेल्या रुग्णावर ही चाचणी करू नये. दोन लिटर सलाइन तिथे जिवावर बेतू शकतं.

चौथा_मजला

इमेजिंगच्या बाजूने लिहितो. सीटीत गाठ दिसली म्हणजे तीच दोषी असं नाही. वयाबरोबर ॲड्रिनलवर निष्क्रिय गाठी सर्रास येतात. याउलट ॲल्डोस्टेरॉन बनवणारी गाठ अनेकदा १ सेंटिमीटरहूनही लहान असते, सीटीत ती दिसतच नाही. डाव्या बाजूला १.५ सेंटिमीटरची दिसणारी निष्क्रिय गाठ आणि उजवीकडे न दिसणारी ५ मिलिमीटरची सक्रिय गाठ असली, तर नुसत्या सीटीवर भरवसा ठेवणारा चांगली ग्रंथी काढेल आणि आजार आत ठेवेल.

म्हणून शस्त्रक्रिया करायची असेल तर ॲड्रिनल व्हेन सॅम्पलिंग. जांघेतून शीर धरून दोन्ही ॲड्रिनलच्या शिरांतून वेगवेगळं रक्त घ्यायचं. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, ती सापडते. उजवी आखूड, बारीक, थेट महाशिरेच्या मागच्या अंगाला उघडते. चाचणी फसते ती बहुधा तिथेच.

नळी खरंच आत होती का हे कॉर्टिसॉल सांगतं. ॲड्रिनलच्या शिरेतलं कॉर्टिसॉल हातापायाच्या शिरेतल्या कॉर्टिसॉलच्या किमान दुप्पट हवं, एसीटीएच (ॲड्रिनलला चेतवणारं हार्मोन) दिलं असेल तर ५ पट. ही अट पूर्ण नसेल तर पुढचे आकडे वाचूच नयेत. ॲल्डोस्टेरॉनला कॉर्टिसॉलने भागून दोन बाजूंची तुलना करतात. एसीटीएच देऊन एका बाजूचं प्रमाण दुसरीच्या ४ पटींहून जास्त असेल तर दोष एका बाजूचा. अपवाद: वय ३५च्या आत, पोटॅशियम कमी, ॲल्डोस्टेरॉन ठळक वाढलेलं आणि सीटीत एकाच बाजूला स्पष्ट गाठ, दुसरी ग्रंथी स्वच्छ. अशांना सॅम्पलिंगशिवाय शस्त्रक्रियेला नेतात.

ही चाचणी वर्षातून एखाददुसरी करणाऱ्या ठिकाणी करून घेऊ नका. उजव्या शिरेचं यश सरावावर अवलंबून आहे. मुंबई-पुण्याबाहेरच्या रुग्णांनी एंडोक्रायनॉलॉजी आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी एकाच छताखाली असलेली संस्था गाठावी आणि ‘किती करता, त्यात दोन्ही बाजू किती वेळा मिळतात’ हे सरळ विचारावं.

निशिगंधा

सॅम्पलिंगआधी १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉल दाबणारं स्टेरॉइड) चाचणी करून घ्यावी ना? काही गाठी ॲल्डोस्टेरॉनसोबत कॉर्टिसॉलही बनवतात.

देवराई

हो, नक्की. रात्री ११ला १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, सकाळी ८-९ला कॉर्टिसॉल. ते १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं तर ठीक. न गेलं तर दोन गोष्टी बदलतात. सॅम्पलिंगमध्ये कॉर्टिसॉलने भागायचं गणित फसतं, कारण गाठीच्या बाजूचं कॉर्टिसॉलच वाढलेलं असतं. आणि गाठ काढल्यावर दुसरी ग्रंथी निद्रिस्त असल्यामुळे रुग्णाला काही काळ हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागतं. ते न दिल्यास दाब कोसळतो.

कॉर्टिसॉलच्याच अतिरेकाचा आजार, म्हणजे कुशिंग, हेही दाबाचं कारण. जांभळे रुंद पट्टे, मांड्यांचे स्नायू कमजोर, सहज काळंनिळं पडणं ही खूण. आपल्याकडे आधी विचारावं: दम्याची किंवा सांधेदुखीची नाव नसलेली पावडर, गोरेपणाचं मलम चालू आहे का? त्यांत स्टेरॉइड सापडतात. अशा रुग्णात ते एकदम थांबवणं धोक्याचं.

तांबडी_माती

आता फिओक्रोमोसायटोमा. हा विषय भुलीच्या टेबलावर येतो तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ॲड्रिनलच्या आतल्या गाभ्यातली ही गाठ ॲड्रिनॅलिन-नॉरॲड्रिनॅलिन बनवते. डोकेदुखी, दरदरून घाम, धडधड यांचे झटके, आणि त्या वेळी चेहरा लाल नव्हे तर पांढराफटक. सगळ्यांना झटके येत नाहीत, काहींचा दाब सतत चढलेला असतो. उभं राहिल्यावर दाब उतरणं हीही खूण आहे. लघवीच्या पिशवीतली तशीच गाठ असेल तर लघवी करताना झटका येतो.

तपासणी: प्लाझ्मातली मुक्त मेटानेफ्रिन (ॲड्रिनॅलिनपासून बनणारे घटक) किंवा २४ तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन. लघवीची जुनी व्हीएमए चाचणी अजून लिहून दिली जाते, पण ती बऱ्याच गाठी चुकवते. रक्त घ्यायचं तर रुग्णाला २० ते ३० मिनिटं आडवं झोपवून. बसून घेतलेला नमुना उगाच वाढलेला येतो. मर्यादेच्या थोडं वर म्हणजे गाठ नव्हे. ३-४ पट वाढ असेल तर शंका पक्की. ॲमिट्रिप्टिलिनसारखी मनावरची औषधं निकाल वाढवतात. पॅरासिटामॉल आणि लॅबेटालॉल काही पद्धतींत ढवळाढवळ करतात. आधी चाचणी, मग स्कॅन. सीटीत कॉन्ट्रास्टशिवाय गाठीची घनता १० हाउन्सफिल्ड युनिटच्या खाली असेल तर फिओक्रोमोसायटोमा जवळपास नाहीच.

आता जीव वाचवणारा भाग. मेटानेफ्रिनचा निकाल येईपर्यंत ॲड्रिनलच्या गाठीत सुई घालू नका. सुईच्या स्पर्शाने आलेला झटका आवरता येत नाही. मेटोक्लोप्रमाइड आणि जास्त मात्रेचे स्टेरॉइड झटका आणू शकतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे धडधड थांबवायला आधी बीटा ब्लॉकर देणं. बीटा रिसेप्टर बंद झाले की रक्तवाहिन्या सैल करणारा मार्ग बंद होतो, आवळणारा अल्फा मार्ग मोकळा राहतो आणि दाब उसळतो. म्हणून आधी अल्फा ब्लॉकर, शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १४ दिवस. फिनॉक्सिबेन्झामिन १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करून वाढवत न्यायचं, किंवा प्राझोसिन. प्राझोसिनचा पहिला डोस छोटा आणि झोपताना द्या, उभं राहताच चक्कर येऊन पडण्याची भीती असते. दोन-तीन दिवसांनी मीठ आणि पाणी भरपूर वाढवायचं, कारण या रुग्णांत रक्ताचं आकारमान आकुंचलेलं असतं. दाबाच्या रुग्णाला मीठ वाढवा सांगणं कानाला विचित्र वाटतं, पण हे केलं नाही तर गाठ सुटताच दाब कोसळतो. किमान ३-४ दिवसांनी, नाडी जलद असेल तरच, बीटा ब्लॉकर जोडायचा.

तयारी झाली हे कसं कळतं? बसून दाब १३०/८०च्या खाली, उभं राहिल्यावर वरचा आकडा ९०च्या खाली नाही, नाडी बसून ६०-७० आणि उभं राहून ७०-८०. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन दिवस दाबासोबत साखरही बघत राहा, ती घसरते.

पांढरीशाई

फिओच्या रुग्णांना ‘१० टक्के आनुवंशिक’ असं सांगितलं जातं ते आता चालत नाही. सुमारे एकतृतीयांश किंवा त्याहून अधिक रुग्णांत जन्मजात जनुकीय बदल मिळतो. आरईटी, व्हीएचएल, एनएफ१ आणि एसडीएच गटातली जनुकं त्यात येतात. म्हणून प्रत्येकाला जनुकीय चाचणीबद्दल सांगायचं, वय काहीही असो. एसडीएचबी असेल तर गाठ पसरण्याची शक्यता जास्त. भावंडं आणि मुलं यांची तपासणी त्यावर ठरते, आणि गाठ काढल्यावरही वर्षातून एकदा मेटानेफ्रिन करत राहावं लागतं.

सह्यकडा

धमनीच्या बाजूचं लिहायचं राहिलंय, ते घेतो. मूत्रपिंडाची धमनी अरुंद होण्याची तीन मोठी कारणं, आणि तिन्हींचा उपचार वेगळा.

पहिलं, चरबीचा थर. पन्नाशीपुढचे, तंबाखू ओढणारे, मधुमेही, हृदयाच्या किंवा पायाच्या धमन्याही खराब झालेले. अडथळा धमनीच्या तोंडाशी, महाधमनीला लागून.

दुसरं, फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेशिया. प्रामुख्याने तरुण आणि मध्यमवयीन स्त्रिया. धमनीच्या मधल्या-टोकाकडच्या भागात मण्यांच्या माळेसारखी रचना. मानेच्या धमन्याही एकदा तपासाव्यात.

तिसरं, टाकायासू. महाधमनी आणि तिच्या शाखांच्या भिंतीला सूज येणारा आजार. १९०८ साली जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो टाकायासू यांनी यातले डोळ्यांतले बदल नोंदवले. पाश्चात्त्य पुस्तकं डिस्प्लेशियावर भर देतात, पण भारतात तरुण स्त्रीच्या अरुंद धमनीमागे टाकायासू हे मोठं कारण आहे. तिच्या दोन्ही हातांच्या नाड्या दाबून बघा, पोटावर आणि गळ्याशी स्टेथोस्कोप ठेवून घरघर ऐका. हाताकडची धमनी बंद असेल तर हाताचा दाब १००/६० दिसतो आणि हृदयाला मात्र २०० सोसावे लागतात. चारही हातपायांचा दाब घेतल्याशिवाय अशा मुलीला ‘दाब नॉर्मल’ म्हणू नये.

चौथा_मजला

तपासण्या: पहिल्यांदा डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी. उपाशीपोटी, आतड्यातला वायू कमी असताना. मुख्य धमनीत वेग सेकंदाला १८० ते २०० सेंटिमीटरच्या वर, महाधमनीतल्या वेगाच्या ३.५ पटींहून जास्त, आणि मूत्रपिंडाच्या आतल्या शाखांत लाट हळू चढणारी व बुटकी. मूत्रपिंडांच्या लांबीत १.५ सेंटिमीटरहून जास्त फरक हाही इशारा. स्थूल रुग्णात डॉपलर हुकतं आणि जास्तीच्या छोट्या धमन्या दिसत नाहीत. शंका दाट असेल तर डॉपलर नॉर्मल आलं म्हणून थांबू नका, सीटी अँजिओग्राफी करा. टाकायासूत सीटी किंवा एमआरआय पूर्ण महाधमनीचा हवा, फक्त पोटाचा नव्हे.

निशिगंधा

सह्यकडा, अरुंद धमनीत टेल्मिसार्टन द्यायचंच नाही असं शिकलेले अनेक जण आहेत. नेमकं काय करायचं?

सह्यकडा

एका बाजूची धमनी अरुंद आणि दुसरं मूत्रपिंड निरोगी असेल तर ही औषधं चालतात, उलट उपयोगी पडतात, कारण दाब रेनिनचाच असतो. धोका दोन्ही बाजू अरुंद असताना किंवा एकच मूत्रपिंड असताना. अडथळ्यापलीकडे गाळणीचा दाब टिकवायला अँजिओटेन्सिन बाहेर जाणारी रक्तवाहिनी आवळून धरतं. ते औषधाने सुटलं की गाळणीच थांबते.

व्यवहारात: सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, १ ते २ आठवड्यांनी पुन्हा, मात्रा वाढवली की पुन्हा. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर बहुतेकदा चालू ठेवता येतं. ३० टक्क्यांच्या वर गेलं तर थांबवा आणि दोन्ही धमन्या तपासा. जुलाब-उलट्यांत पाणी कमी पडत असेल तर त्या दिवसांत डॉक्टरांना विचारून ही गोळी थांबवायची, हे रुग्णाला आधीच सांगून ठेवा.

पांढरीशाई

स्टेंटबद्दल मतभेद आहेत तेही इथे येऊ द्या. अडथळा ७० टक्के दिसला म्हणून स्टेंट, हे बरोबर नाही. २००९चा ॲस्ट्रल अभ्यास (८०६ रुग्ण) आणि २०१४चा कोरल अभ्यास (९४७ रुग्ण), दोन्हींत चरबीमुळे अरुंद झालेल्या धमनीत औषधांवर स्टेंटची भर घातल्याने मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा ठोस फायदा दिसला नाही. स्टॅटिन, ॲस्पिरिन, दाबाची औषधं आणि तंबाखू बंद, हाच पाया.

चौथा_मजला

अभ्यासांचे निकाल मान्य आहेत, पण त्यांचा अर्थ ‘स्टेंट कधीच नको’ असा लावला जातो ते नुकसानकारक. पुन्हा पुन्हा अचानक फुप्फुसात पाणी भरणारे, दोन्ही धमन्या अतिशय अरुंद होऊन मूत्रपिंड झपाट्याने निकामी होणारे असे रुग्ण त्या अभ्यासांत फारसे नव्हते. त्यांच्यात धमनी उघडल्याने खरा फरक पडतो. मूत्रपिंड ७-८ सेंटिमीटरवर आकसलेलं असेल तर मात्र उघडून काही हाती लागत नाही.

सह्यकडा

दोघांशीही सहमत, आणि भर एवढीच की हे सगळं चरबीच्या आजाराबद्दल. डिस्प्लेशियात स्टेंटशिवाय नुसता फुगा (धमनीत फुगवून ती रुंद करणं) पुरतो. दाब नुकताच सुरू झालेल्या तरुणीत यश चांगलं मिळतं, म्हणून तिथे वाट बघत बसू नये. टाकायासूत उलटं: सूज सक्रिय असताना फुगा किंवा स्टेंट घातला की धमनी पुन्हा बंद होते. ईएसआर, सीआरपी (रक्तातल्या सुजेच्या खुणा) आणि लक्षणं शांत करा, स्टेरॉइडसोबत मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्या, मग धमनीला हात लावा. ईएसआर नॉर्मल असूनही भिंतीत सूज असू शकते, म्हणून स्कॅनवर भिंतीची जाडी बघा.

लॅबकोट

कॉनच्या बाजूचा एक प्रश्न राहिला: पोटॅशियम भरून कसं काढायचं? नारळपाणी, केळी यांवर विसंबून राहणारे खूप.

देवराई

कॉनमध्ये जितकं पोत्यात ओतावं तितकं खालच्या भोकातून निघतं. केळी-नारळपाण्याने ३.०चं ४ होत नाही. पोटॅशियम क्लोराइडचं सिरप लागतं. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या द्रावात १५ मिलिलिटरमध्ये १.५ ग्रॅम, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट असतं. बाटलीवरचं प्रमाण वाचून घ्या, पाण्यात मिसळून जेवणानंतर घ्या, नाहीतर पोटात जळजळते. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम वर येतच नाही, तेही तपासा. मीठ कमी केलं की पोटॅशियमची गळतीही कमी होते, पण तपासणी उरकल्यावरच. लोणचं, पापड, फरसाण, ठेचा हे मिठाचे मोठे वाटे आहेत.

दोन्ही ग्रंथी दोषी असतील किंवा शस्त्रक्रिया नको असेल तर स्पायरोनोलॅक्टोन १२.५ ते २५ मिलिग्रॅमने सुरू, हळूहळू वाढवायचं. पुरुषांत छाती दुखते, वाढते. तेव्हा एप्लेरेनोन, ते दिवसातून दोनदा. मात्रा पुरेशी आहे हे केवळ दाबावरून ठरवू नका, दाबलेलं रेनिन वर आलं पाहिजे. हे औषध चालू झाल्यावर कमी सोडियमचं मीठ बंद. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन व टेल्मिसार्टनसोबत पोटॅशियम ६च्या वर जाऊन हृदयाचे ठोके बिघडतात.

एका बाजूची ग्रंथी दुर्बिणीने काढली तर स्पायरोनोलॅक्टोन आणि पोटॅशियमचं सिरप त्याच दिवशी थांबतं. पुढचे ४ आठवडे दर आठवड्याला पोटॅशियम आणि क्रिएटिनिन. दुसरी ग्रंथी निद्रिस्त असल्याने पोटॅशियम उलट चढू शकतं, म्हणून या काळात मीठ फार तोडू नये. क्रिएटिनिन थोडं वाढतं, कारण आधीचा वाढीव दाब मूत्रपिंडाचा खरा बिघाड झाकत होता. पोटॅशियम जवळपास सगळ्यांचं सुधारतं. दाबाच्या गोळ्या मात्र सगळ्यांच्या सुटत नाहीत. तरुण, स्त्री, थोड्या गोळ्यांवर आणि थोड्या वर्षांचा आजार असलेल्यांत पूर्ण सुटण्याची शक्यता जास्त. इतरांचं औषध कमी होतं. दाब स्थिरावायला १ ते ६ महिने लागतात, आठवड्याभरात निराश होऊ नये.

निशिगंधा

शेवटची एक विनंती, डिस्प्लेशिया आणि टाकायासूच्या मुली याच वयात असतात म्हणून. लग्न ठरलेलं असो वा मूल हवं असो, गोळ्यांची यादी आधी बघायला हवी ना?

सह्यकडा

हो. टेल्मिसार्टन, रामिप्रिल गटातली औषधं गर्भाला घातक. पहिल्या तिमाहीनंतर तर गर्भाची मूत्रपिंडं खराब होतात आणि गर्भजल कमी होतं. स्पायरोनोलॅक्टोनही टाळायचं. मेथोट्रेक्सेट गर्भधारणेच्या १ ते ३ महिने आधी थांबवावं लागतं आणि त्याच्या जागी अझाथायोप्रिन येऊ शकतं. दाबासाठी लॅबेटालॉल, दीर्घ परिणामाचं निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा. बदल गर्भधारणेआधी करून दाब नव्या औषधांवर स्थिर झालेला बघायचा. टाकायासूत दाब कोणत्या हाताचा किंवा पायाचा मोजायचा हे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. बाळंतपणाच्या वॉर्डातली सिस्टर जो हात समोर येईल त्याला पट्टा बांधते.